खंडेनवमीचं अपडेट

मला लोक भोंगेवाला म्हणतात. सांगलीत मार्केट यार्डाच्या पाठीमागे माझं दुकान आहे. दारावर माझं नाव आहे, नावाखाली ‘प्रोप्रायटर’ असं लाल अक्षरात रंगवून घेतलं आहे. तरी फोन येतो तो ‘भोंगेवाला का?’ असाच. मी मूळचा रहिमतपूरचा. दहावीला गणितात गचकलो आणि सांगलीला येऊन एका लाऊडस्पीकरवाल्याकडे कर्णे पुसायला लागलो. तिथून इथवर जे घेतलं ते घासाघीस करून घेतलं आणि जे विकलं ते भांडून विकलं. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या अनुभवांवर सहा पानं मागितली, तेव्हा मी तीन म्हणालो. चारवर तुटलं.

धंदा काय ते आधी सांगतो. आमच्याकडच्या काही गावांत संध्याकाळी सातला भोंगा होतो. तो झाला की घरोघरचे टीव्ही बंद, मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं कट्ट्यावर येतात. साडेआठला दुसरा भोंगा झाला की सुटका. पूर्वी ग्रामपंचायतीचा शिपाई बटण दाबायचा. शिपाई मेहुण्याच्या लग्नाला गेला की गाव मोकाट. मी ते काम पेटीकडे दिलं. पेटीत पत्त्याच्या पानाएवढा एक बोर्ड असतो, आणि तो बोर्ड म्हणजे अख्खा संगणक. हे गिऱ्हाइकाला पटत नाही. एवढ्याशा तुकड्याला एवढी किंमत का, म्हणून प्रत्येक जण विचारतो. मी म्हणतो, हिरा विकत घेताना वजनकाट्यावर पोतं टाकता का?

गिऱ्हाइकं भेटली ती एकेक नमुनेदार. एका हळदीच्या व्यापाऱ्यानं गोदामातल्या हमालांच्या जेवणाच्या सुट्टीसाठी भोंगा बसवून घेतला आणि वर्षानं पेटी परत आणली. आतबाहेर अशी पिवळी झालेली, की नवरदेवाच्या शेजारी बसवावी. पिवळेपणा वॉरंटीत बसतो का, असं तो गंभीरपणे विचारत होता. एका गावात एक सदस्य मला बाजूला घेऊन म्हणाले, “सगळ्यांस्नी सातलाच करा, पण माझ्या घरापुरता भोंगा आठला हुईल असं काय तरी बघा की.” मी म्हणालो, “साहेब, त्यापेक्षा कानात कापूस स्वस्त पडंल.”

माझं दुखणं वेगळंच आहे. पेटी मी बांधतो, कर्णा मी लावतो, खांबावर मी चढतो. पण बोर्डातला प्रोग्राम पुण्याच्या कंपनीचा. तो बदलावा असं त्यांच्या मनात आलं की ते पुण्यात बसल्या बसल्या बदलतात. त्याला ते अपडेट म्हणतात. अपडेट म्हणजे राहत्या घराचं छप्पर बदलणं. जुने पत्रे उतरवले, नवे अर्धे चढवले, आणि तेवढ्यात गवंडी निघून गेला, तर त्या घरात राहताही येत नाही आणि ते पाडताही येत नाही. एवढं जोखमीचं काम करताना कंपनी मला कधी एका शब्दानं विचारत नाही. शिव्या मात्र माझ्या पत्त्यावर येतात.

त्या शिव्यांतली सगळ्यांत मोठी खेप गेल्या खंडेनवमीला आली.

दुपारी जेवायला बसणार तोच सुभेदारांचा फोन आला. हे रहिमतपूरच्या अलीकडच्या एका गावचे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण सुभेदारांना माझं दुकान माहीत आहे. फौजेतून निवृत्त झाल्यापासून ते गावच्या भोंगा समितीचे अध्यक्ष आहेत. मी दुकानाचा मालक आहे हे त्यांनी आजवर मान्य केलेलं नाही.

“मिस्तरी, भोंगा गेला.”

“कुठं गेला?”

“चेष्टा नगो. बाराचा चाचणीचा भोंगा झाला न्हाई. म्हसवडकडनं दोन सरपंच सांजच्याला भोंगा बघायला यायल्यात. तुमीच बोलावल्यात.”

मीच बोलावले होते. नवमीला बाजार बंद, म्हणून त्यांनी तोच दिवस धरला होता. त्या बाजूच्या एका गावानं पेटी घेतली असती की मागोमाग बाकीची आली असती. पण कराडचा एक जण हातानं फिरवायचा भोंगा घेऊन त्यांच्या मागे लागला होता. सातला पेटी गप्प राहिली तर ते सरळ त्याच्याकडे जाणार होते. आणि सुभेदारांची भीती त्याहून मोठी होती. गावातली पोरं हा नियम मोडायला टपलेलीच होती. “एक दिस भोंगा चुकला,” ते म्हणाले, “की उद्या म्हणतील, आज बी चुकू दे.”

मी अवजारांची पेटी उचलायला धावलो, तर बायको आडवी आली.

“आवं, हात लावू नका. हळदीकुंकू झालंय.”

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची आणि अवजारांची पूजा असते. शेतकऱ्याचा कोयता, सुताराची करवत, शिंप्याचं मशिन, सगळं पाटावर. त्या दिवशी ती वापरायची नाहीत. माझे स्क्रूड्रायव्हर, पक्कड, मीटर आणि लॅपटॉप झेंडूच्या माळेखाली ओळीनं निजले होते.

“एक स्क्रूड्रायव्हर दे. बारका.”

“देवाला वाहिलेला? आणि मग वर्षभर धंद्यात खोट आली की माझ्या नावानं बोंबलायला मोकळे.”

हळदीच्या अडत्यांना मी घाम फोडला आहे. घरात मात्र आजपर्यंत एक सौदा जिंकलेला नाही. गाडीची पूजा आमच्याकडे दसऱ्याला, म्हणून गाडी तेवढी मोकळी होती. फोन हातात होता. मेमरी कार्ड वाचायची अंगठ्याएवढी डबी आदल्या दिवसापासून विजारीच्या खिशात राहिली होती, म्हणून पाटावर जायची चुकली. एवढ्या शिदोरीवर निघालो.

ग्रामपंचायतीच्या खोलीत शिरलो आणि दारातच थबकलो. मोठ्या पाटावर सुभेदारांची परवान्याची बंदूक, फवारणीचा पंप, दोन खुरपी, ट्रॅक्टरचे पाने, तलाठ्याचा स्टेपलर, आणि मध्यभागी देवीसारखी सजलेली माझी पेटी. गळ्यात हार, कपाळावर कुंकवाचा पट्टा, पुढे फोडलेला नारळ.

“हे कुणी केलं?”

“आमी,” सरपंचांच्या आई म्हणाल्या. त्यांना सारं गाव आक्का म्हणतं. “मशिनला बी एक दिस इसावा नगो व्हय? वरीसभर बोंबलतंय गरीब.”

“वायर तुमी काढली?”

“मग? वायरीसकट पाटावर कसं बसंल? बाराला परत लावून बघितली, तर मुकंच.”

“आक्का, वायर काढली तवा त्यातला हिरवा दिवा लुकलुकत हुता का?”

“व्हय की! लय गोड लुकलुकत हुता. म्या म्हनलं, पूजा हुनार म्हनून मशिन बी खुश झालंय.”

तो दिवा अपडेट चालू असल्याचा होता. पुण्याच्या लोकांनी सुट्टीच्या सकाळचा मुहूर्त धरला होता, आक्कांनी पूजेचा. दोन्ही मुहूर्त एकच निघाले. नवे पत्रे अर्धे चढले आणि आक्कांनी शिडी काढून घेतली. मी ओरडलो. काय ओरडलो ते दिवाळीच्या अंकात छापता येणार नाही. आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातावर खोबरं ठेवलं. “भूक लागली असंल,” त्या म्हणाल्या. भूक लागलीच होती.

मी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. एक गोड आवाजाची मुलगी बोलली.

“सर, बोर्डवरचा हिरवा लाइट किती वेळा ब्लिंक होतोय?”

“ताई, दिव्यावर कुंकू आहे.”

“सॉरी सर?”

“कुंकू पुसतो, क्षणभर वायर लावतो. थांबा. लाल दिवा पेटलाय, हिरवा मेलाय.”

“सर, अपडेट चालू असताना पॉवर गेली होती का?”

“पॉवर गेली नाही. पॉवरला विसाव्याला पाठवलं होतं.”

तिनं ते टाइप करून घेतलं. मग म्हणाली, कार्ड काढून त्यावर जुना प्रोग्राम पुन्हा लिहावा लागेल, त्याची लिंक पाठवते. मी विचारलं, आम्हाला न विचारता अपडेट पाठवता कसं? ती म्हणाली, “सर, तुमच्या सोयीसाठी.” मी फोन ठेवला. हे शब्द ज्यानं शोधून काढले तो मला एकदा समोरासमोर भेटायला हवा.

आता कार्ड काढायचं तर पेटी उघडायला हवी, आणि पेटीला चार स्क्रू. मी पाटावरच्या पान्यांकडे नुसतं पाहिलं, तर सुभेदार मधे उभे राहिले.

“आज हत्यार उचलायचं न्हाई.”

“मग पेटीला तरी कसा हात लावू? ती बी पाटावरच हाय.”

सुभेदार विचारात पडले. तो माणूस विचार करतो तेव्हा सावधान उभा राहून करतो. मग म्हणाले, “भोंगा हत्यार न्हवं. भोंगा म्हंजी पहारा. पहाऱ्याला सुट्टी नसती. आक्का, मशिन उठवा.”

आक्कांनी पेटीवर अक्षता टाकल्या, तिची माफी मागितली आणि ती माझ्या मांडीवर दिली. पण स्क्रू तसेच. नाणं लावलं, बसेना. नख लावलं, तुटलं. मी इकडेतिकडे पाहिलं. आक्कांच्या कमरेच्या चंचीतून अडकित्ता डोकावत होता, टोकाला छान चपटा.

“आक्का, अडकित्ता द्या.”

“थांबा,” सुभेदार म्हणाले. “ते हत्यार हाय का न्हाई?”

“मेल्यानु, सुपारीचं हाय,” आक्का म्हणाल्या.

“कापतं काय?”

“सुपारी.”

“आणि काय?”

“आणि मधी बोलनाऱ्याची जीभ.”

सुभेदारांनी निकाल दिला, “खायच्या जिनसा कापनारं ते भांडं. वापरा.”

अशा रीतीनं, स्वतःच्या दुकानात तीन जातींचे स्क्रूड्रायव्हर असलेल्या माणसानं अडकित्त्यानं पेटी उघडली. कार्ड निघालं. नखाएवढी वस्तू, पण बोर्डाची सगळी अक्कल तिच्यात. डबीत घालून फोनला जोडलं. आता जुना प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवायचा. ग्रामपंचायतीचं वायफाय मोठ्या फाइलला दम टाकत होतं आणि मोबाईलवर बोलता येई, पण दमदार इंटरनेट त्या गावात फक्त देवळाच्या चौथऱ्यावर. मी चौथऱ्यावर फोन उंच धरून उभा राहिलो. येणारीजाणारी माणसं आधी देवाला नमस्कार करत आणि मग माझ्याकडे बघत. दोन म्हाताऱ्यांनी मलाही केला. हात खाली घेता येत नव्हता, म्हणून आशीर्वाद दिल्यासारखंच दिसत असणार.

फाइल उतरली तेव्हा दिवेलागण झाली होती. पंचायतीत येऊन मी ती कार्डावर चढवायला सुरुवात केली. पडद्यावर आकडा मुंगीच्या पावलानं पुढे सरकत होता. तेवढ्यात दारात जीप थांबली आणि म्हसवडकडचे दोन सरपंच उतरले. एक जाडजूड, बोलका. दुसरा नुसती मान हलवणारा.

“कुठाय तुमचं मशिन?” बोलक्यानं विचारलं.

“वाजंल आता,” मी म्हणालो आणि पेटीवरचा हार नीट केला, म्हणजे उघडं झाकण दिसू नये.

आणि त्याच वेळी सुभेदारांनी मनगटावर नजर टाकली. “सात झाले. फोन बंद.”

“काय?”

“गावचा नियम हाय. सातला सगळे फोन बंद. पाहुणं, तुमचं बी.”

“सुभेदार, कार्ड लिहून व्हायचं हाय! आता फोन बंद केला तर सकाळी आक्कांनी केलं तेच परत हुईल!”

“दहा वर्सं पोरांस्नी सांगतुया, सात म्हंजी सात. आज मिस्तरीसाठी सव्वासात केलं, तर उद्या प्रत्येक पोरगं मिस्तरी हुतंय.”

मी दहा मिनिटं मागितली. ते नाही म्हणाले. मी पाचवर आलो. ते नाहीच म्हणाले. आयुष्यात एवढा घट्ट माणूस मला गुळाच्या सौद्यातसुद्धा भेटलेला नाही. त्यांचा हात माझ्या फोनकडे यायला लागला तेव्हा मला सुचलं.

“सुभेदार, एक सांगा. गावचा नियम काय हाय? घड्याळात सात झाले की फोन बंद, का भोंगा झाला की फोन बंद?”

“भोंगा झाला की.”

“भोंगा झाला?”

त्यांचा हात वाटेतच थांबला.

“आर्डर भोंग्याची हाय का घड्याळाची? फौजेत बिगुल वाजायच्या आधी परेड सुरू करता व्हय? भोंगा वाजल्याबिगर या गावात सात वाजत न्हाईत.”

सुभेदार सावधान उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. आकडा सरकत होता. शेवटी म्हणाले, “बरोबर हाय. भोंगा न्हाई तवर सात न्हाईत.” बोलक्या सरपंचानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. “बघितलंस? काय शिस्त हाय!” शेजाऱ्यानं मान हलवली.

कार्ड पुरं झालं. बोर्डात घातलं, झाकण लावलं, वायर जोडली. हिरवा दिवा लुकलुकला. माझी ही पेटी चालू झाली की आधी स्वतःचा गळा तपासायला एक लांब भोंगा देते. तो झाला. पलीकडच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा दबकली. घरोघरचे टीव्ही खटाखट गप्प झाले. सुभेदारांनी माझा फोन बंद केला, सरपंचांचे केले, आणि नियमाप्रमाणे पंचायतीचं वायफायही बंद केलं. मी विजयी मुद्रेनं खुर्चीत बसलो. आक्कांनी पान लावून दिलं.

पान अर्धं चघळून झालं आणि मग माझ्या ध्यानात आलं.

या बोर्डात घड्याळाची बॅटरी नसते. वीज गेली की त्याला वेळ कळत नाही. वीज आली की तो इंटरनेटला वेळ विचारतो. रोज सातला वायफाय बंद होतं, पण तोवर त्यानं वेळ विचारून घेतलेली असते. आज तो उठला आणि गावानं त्याच्या तोंडावर दार लावलं. वेळ माहीत नसली की माझी पेटी गप्प बसते. म्हणजे साडेआठचा भोंगा होणार नव्हता. नऊचाही नाही. कधीच नाही.

हे मी सुभेदारांना हळूच सांगितलं. “पाच मिनिटं वायफाय लावा.”

“भोंगा झाल्याबिगर?”

“भोंगा होण्यासाठीच!”

“मिस्तरी, तुमीच शिकवलं. भोंगा वाजल्याबिगर या गावात साडेआठ वाजत न्हाईत.”

स्वतःचाच माल कुणी स्वतःच्याच भावात गळ्यात मारावा, तसं झालं. साडेआठ होऊन गेले. कुणी फोन उघडला नाही. ज्या पोरांचा अभ्यास संपला ती पाढे म्हणायला लागली. बाया ओट्यावर येऊन बसल्या, माणसं पंचायतीपुढे जमली. कुणीतरी भेंड्या काढल्या. तलाठ्यानं एक लावणी म्हटली, ती बरी म्हटली. पाहुणे तर थक्क झाले होते.

“आमच्याकडं घटकाभर बी बसायची न्हाईत हो,” बोलका सरपंच म्हणाला. “आणि हितं कुनी घड्याळ बी बघंना.”

घड्याळ सगळेच बघत होते, पण सुभेदारांकडे बघून परत मान खाली घालत होते.

मी सुभेदारांना भिंतीकडे नेलं. “एक तोड हाय. वायर काढून परत घालतो. पेटी गळा तपासंल. भोंगा हुईल.”

“म्हंजी खोटा भोंगा.”

“आणि सातचा काय खरा हुता?”

“हळू बोला!” त्यांनी पाहुण्यांकडे पाहिलं. सौदा माझ्या हातात आला असं वाटलं, पण ते परत ताठ झाले. “सात झाले हुते म्हनून तो खरा. आता साडेआठ हायत का? तुमची वायर मानीन, पण टायम झाल्याबिगर न्हाई.”

“टायम होऊन गेला, सुभेदार!”

“कुनी सांगितलं? भोंग्यानं?”

मला राग आला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे हसूही येत होतं.

तेवढ्यात गर्दीच्या कडेनं त्यांची सून आली. पदर सावरून उभी राहिली. हातात बंद फोन होता.

“काय गं?” सुभेदार म्हणाले.

“काय न्हाई, मामंजी.”

तरी ती गेली नाही. मी शेजारच्याला विचारलं. सुभेदारांचा मुलगा सीमेवर आहे. चौकीवर आठवड्यातून एकदाच रेंजच्या जागी जायची पाळी येते, आणि ती आज होती. त्याला गावचा नियम पाठ, म्हणून तो नेहमी दुसऱ्या भोंग्यानंतरच फोन करतो. पाळीचा वेळ संपला की पुढच्या आठवड्यापर्यंत नाही.

मी इतकी वर्षं सौदे केले. समोरच्याला काय हवं ते कळलं की किंमत ठरते, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या वेळी मी भाव केला नाही. मी नुसता वायरीपाशी जाऊन उभा राहिलो.

सुभेदारांनी सुनेकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग छाती पुढे काढून, परेडवर द्यावा तसा हुकूम दिला, “मिस्तरी! वायर… काढ!”

काढली.

“वायर… घाल!”

घातली. भोंगा झाला. पोरांनी अशी आरोळी ठोकली की तो ऐकूच आला नाही. पंचायतीचं वायफाय लागलं, साऱ्या गावात फोन चालू होण्याचे सूर उठले. माझाही उघडला. त्यावर कंपनीचा निरोप होता, ‘अभिनंदन! आपले उपकरण यशस्वीरीत्या अपडेट झाले आहे. कृपया पाच तारे द्या.’ मी तारे दाबले नाहीत. जे दाबायचं होतं ते त्या पडद्यावर नव्हतं.

बोलका सरपंच माझ्यापाशी आला. “दोन पेट्या द्या आमास्नी. पण अट हाय. पुण्यास्नं त्यात काय बी यायचं न्हाई.”

“कबूल,” मी म्हणालो. “आणि खंडेनवमीला आक्का यायच्या न्हाईत, हे तुमी लिहून द्या.”

“मी येनार,” आक्का पाठीमागून म्हणाल्या. “पूजा सांगितली तर मी कुठंबी जाते.”

पलीकडे सुनेच्या हातातला फोन वाजला. तिनं दोन शब्द बोलून तो सासऱ्यांपुढे धरला. पडद्यावर टोपी, मफलर आणि मधे हसरे दोन डोळे दिसत होते. आवाज तुटत होता, पण प्रश्न सगळ्यांना ऐकू आला. “आबा, किती येळ फोन लावतुया! भोंगा उशिरा झाला का काय आज?”

सुभेदारांनी एकदा माझ्याकडे, एकदा पाहुण्यांकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ घेऊन साऱ्या चौकाला ऐकू जाईल असे म्हणाले, “भोंगा टायमात झाला. तुझं घड्याळ फुडं पळालंय. मिळवून घे.”